गॅमा किरण स्फोटाचा आफ्टरग्लो: एकच आलेख, दोन उत्तरं

शततारका (धागाकर्ती)

गेले तीन आठवडे एका आफ्टरग्लोच्या, म्हणजे गॅमा किरण स्फोटामागे उरणाऱ्या मंद प्रकाशाच्या, एकाच आलेखापुढे बसून आहे. आता कुणाशी तरी बोलायलाच हवं, म्हणून हा धागा.

स्विफ्ट उपग्रहाकडून एका दीर्घ गॅमा किरण स्फोटाची सूचना आली तेव्हा आमच्या गटाची ३५ सेंटिमीटरची दुर्बीण मोकळी होती. स्फोटानंतर २० मिनिटांनी पहिली प्रतिमा मिळाली. त्यानंतर दोन रात्री तो बिंदू मावळताना पाहिला. दुसऱ्या रात्री तासाभराच्या प्रतिमा एकत्र केल्या तेव्हा तो जेमतेम दिसला. एक्स-रेची मोजमापं स्विफ्टच्याच एक्सआरटी दुर्बिणीची आहेत, ती सर्वांना खुली असतात.

दृश्य प्रकाश घातनियमाने घटतो आहे, म्हणजे तेज काळाच्या ठरावीक घाताच्या व्यस्त प्रमाणात उतरतं; घातांक ०.९७. एक्स-रेचा घातांक १.२२. प्रमाण सिंक्रोट्रॉन मॉडेलमध्ये (चुंबकक्षेत्रात गिरक्या घेणाऱ्या वेगवान इलेक्ट्रॉनांचं प्रारण) इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जावाटपाचा निर्देशांक पी २.३ धरला, की एकसमान घनतेच्या वायूसाठी हेच दोन आकडे येतात (०.९७५ आणि १.२२५). ते जुळले त्या रात्री मला झोप लागली नाही, इतका आनंद झाला होता.

खरी अडचण पुढे आली. सगळे प्राचल (मॉडेलमधले अज्ञात आकडे) मोकळे सोडून एमसीएमसी (जुळणारे आकडे यादृच्छिक चाचपणीने शोधणारं तंत्र) चालवलं. एकदा उत्तर आलं: घनता घनसेंटिमीटरला ०.०१ कण, आघाताच्या ऊर्जेतला चुंबकक्षेत्राचा वाटा (एप्सिलॉन-बी) ०.०१. सुरुवातीचे आकडे बदलून पुन्हा चालवलं, तर घनता १० आणि एप्सिलॉन-बी ०.०००१. घनतेत हजार पटीचा फरक, तरी दोन्ही रेषा माझ्या बिंदूंवरून सारख्याच सुंदर जातात आणि काय-वर्गही (रेषा आणि बिंदू यांतल्या फरकाचं माप) जवळजवळ तोच. यातलं खरं कुठलं? की माझ्या कोडमध्येच चूक आहे?

---

वाचनमात्र

आधी एक प्राथमिक प्रश्न विचारू का? गॅमा किरण स्फोट म्हणजे काही सेकंदांचा लखलखाट, एवढं वाचलं आहे. मग दोन दिवस दिसत राहतं ते नेमकं काय? विझत आलेला निखारा?

---

लंबक

@वाचनमात्र, निखारा म्हटलं की आपोआप थंड होणारी वस्तू डोळ्यांसमोर येते. इथे तसं नाही. इथे टक्कर चालू असते.

स्फोटातून निघालेला पदार्थाचा झोत प्रकाशवेगाच्या अगदी लगत धावतो, त्याचा लॉरेंट्झ गुणक (वेग प्रकाशवेगाच्या किती लगत आहे त्याचं माप) शंभराच्या घरात किंवा त्याहून जास्त असतो. गॅमा किरणांचा लखलखाट झोताच्या आतच घडतो. त्यानंतर झोत भोवतालच्या विरळ वायूत घुसतो आणि पुढे आघात तरंग तयार होतो. त्या तरंगात इलेक्ट्रॉन प्रचंड ऊर्जेला पोचतात, चुंबकक्षेत्रात गिरक्या घेतात आणि क्ष-किरणांपासून रेडिओपर्यंत सगळीकडे प्रारण देतात. झोत वायू गोळा करत जातो तसा मंदावतो आणि प्रकाश उतरत जातो. हाच आफ्टरग्लो.

यात मला सर्वात विलक्षण वाटतं ते काळाचं आकुंचन. लॉरेंट्झ गुणक १०० असेल, तर आपल्या घड्याळात एक मिनिट जातो तेवढ्यात तो तरंग तिकडे सुमारे दोन आठवडे धावलेला असतो. तो स्वतःच्याच प्रकाशाच्या पाठोपाठ येत असल्यामुळे आपल्याला सगळं घाईत घडल्यासारखं दिसतं.

थोडा इतिहासही सांगतो. पहिला स्फोट वेला उपग्रहांनी २ जुलै १९६७ रोजी टिपला, प्रसिद्ध झाला १९७३ मध्ये. पुढची जवळपास २४ वर्षं हे स्फोट आपल्या आकाशगंगेच्या परिसरातले की अब्जावधी प्रकाशवर्षं दूरचे, यावर एकमत नव्हतं. २८ फेब्रुवारी १९९७ च्या स्फोटानंतर सुमारे आठ तासांनी बेपोसॅक्स उपग्रहाने आपली एक्स-रे दुर्बीण तिकडे वळवली. तिला विझत जाणारा स्रोत दिसला, आणि विल्यम हर्शेल दुर्बिणीच्या प्रतिमांत त्याच जागी दृश्य प्रकाशही सापडला. त्याच वर्षी ८ मेच्या स्फोटाची ताम्रसृती (प्रकाश लाल रंगाकडे किती सरकला त्याचं माप, त्यावरून अंतर कळतं) केक दुर्बिणीने मोजली: निदान ०.८३५. अंतराचा वाद तिथे संपला. तो गॅमा किरणांनी मिटवला नाही, मागे उरलेल्या या मंद प्रकाशाने मिटवला.

---

अगस्ती

@शततारका, कोड ठीक असावा. तुम्ही मागताय ते उत्तर या विदेत (मोजमापांत) नाहीच.

कागदावर मांडून बघा. प्राचल चार: ऊर्जा, घनता, इलेक्ट्रॉनांचा वाटा (एप्सिलॉन-ई) आणि एप्सिलॉन-बी. पी तुम्हाला उतारांवरून मिळाला, तो सोडून द्या. तुमचा दृश्य पट्टा शीतलन वारंवारतेच्या (जिच्या वरचं प्रारण देणारे इलेक्ट्रॉन झपाट्याने ऊर्जा गमावतात) खाली आहे आणि एक्स-रे वर. म्हणजे हातात किती स्वतंत्र गोष्टी आल्या? एक तेजाची पातळी आणि एक शीतलन वारंवारतेची जागा. दोन समीकरणं, चार अज्ञातं.

आता तुमची दोन उत्तरं बघा. शीतलन वारंवारता ऊर्जेच्या वर्गमुळाच्या व्यस्त, घनतेच्या व्यस्त आणि एप्सिलॉन-बीच्या दीड घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. घनता हजार पट वाढली, एप्सिलॉन-बी शंभर पट घटलं. शंभरचा दीड घात म्हणजे बरोबर हजार, त्यामुळे शीतलन वारंवारता तसूभरही हलली नाही. तिच्या वरच्या पट्ट्यात तर तेज घनतेवर अवलंबूनच नसतं, आणि पी २.३ असताना एप्सिलॉन-बीचा घातांक अवघा ०.०७५ असतो. शंभर पट बदल झाला तरी तेज १.४ पट हलतं, तेवढं एप्सिलॉन-ई थोडं वाढवून भरून निघतं. तुमच्या एमसीएमसीने नेमकं तेच केलं असणार. तपासून सांगा, दुसऱ्या उत्तरात एप्सिलॉन-ई सुमारे १.३ पट आहे का?

एक्स-रेतून खात्रीने कळतो तो ऊर्जा आणि एप्सिलॉन-ई यांचा गुणाकार, जवळपास तेवढाच.

---

शततारका (धागाकर्ती)

@अगस्ती, १.३ पटच आहे!! आत्ता फाइल उघडून बघितलं. तीन आठवडे मी कोडमध्ये दोष शोधत होते.

---

निशाचर

मी निरीक्षणाच्या बाजूने लिहितो, कारण मॉडेलच्या आधीच्या चुका मॉडेलमध्ये दुरुस्त होत नाहीत.

पहिली गोष्ट वेळेची. तुमचे बिंदू एकत्र केलेल्या प्रतिमांचे असतील तर प्रत्येक बिंदूला कुठली वेळ दिली आहे? बहुतेक जण मधली वेळ देतात. समजा ५ व्या मिनिटापासून ६५ व्या मिनिटापर्यंतच्या प्रतिमा एकत्र केल्या आणि वेळ लिहिली ३५ मिनिटं. प्रकाश काळाच्या व्यस्त प्रमाणात घटत असेल, तर त्या एकत्रित प्रतिमेतलं सरासरी तेज प्रत्यक्षात २३ व्या मिनिटाचं असतं. चूक ०.४ प्रतीहून जास्त (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा मोठा तितका स्रोत मंद)! ही चूक मी स्वतः केली आहे. एका देखण्या स्फोटाच्या पहिल्या तासाची सगळी विदा एका बिंदूत कोंबली आणि तो बिंदू घातनियमाच्या वर दिसला म्हणून त्यात काही नवीन भौतिकी शोधत बसलो. महिना गेला, त्याची हळहळ अजून आहे.

त्यामुळे प्रतिमांची लांबी गुणोत्तरात वाढवा: सुरुवातीला ३० सेकंद, मग एक मिनिट, मग दोन, मग चार. आफ्टरग्लो लॉगरिदमच्या घड्याळावर चालतो. १० मिनिटांनी १६ व्या प्रतीचा असेल तर १०० मिनिटांनी १८.५ आणि १००० मिनिटांनी २१. पहिल्या अर्ध्या तासातल्या शंभर प्रतिमांपेक्षा पहिला तास, पहिली रात्र आणि तिसरी रात्र असा पसारा जास्त सांगून जातो.

दुसरी गोष्ट, फिल्टर एकच ठेवा आणि तुलनेचे तारे आधी ठरवून घ्या. तिसरी, काही दिसलं नाही तरी वरची मर्यादा कळवा. जीसीएन या स्फोटांची निरीक्षणं कळवणाऱ्या जाळ्याच्या परिपत्रकांतल्या ‘दिसलं नाही’ या ओळी नंतर कुणाच्या तरी फिटला सोन्यासारख्या उपयोगी पडतात.

आणि एक विचारायचं राहिलं: दृश्य वर्णपटाचा उतार (वारंवारता वाढते तसं तेज किती झपाट्याने उतरतं) काढलात का?

---

शततारका (धागाकर्ती)

वेळा मी मधल्याच दिल्या आहेत, दुरुस्त करते. उताराचं म्हणाल तर दोन फिल्टरांतून निघतो तो १.१. मॉडेलप्रमाणे यायला हवा ०.६५. हे मी पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं नव्हतं, कारण त्याचं काय करायचं ते कळत नव्हतं.

---

कृत्तिका

धूळ. आधी आपल्या आकाशगंगेतली वजा करा, तिचे नकाशे उपलब्ध आहेत. मग यजमान, म्हणजे स्फोट जिच्यात झाला त्या, दीर्घिकेतली. निळा प्रकाश जास्त अडतो, त्यामुळे वर्णपट आहे त्याहून उभा दिसतो. स्फोट होतात ते भारी तारे धुळकट भागांत जन्मतात, हे लक्षात घेतलं तर यात नवल नाही. फक्त धुळीचं प्रमाणही एक मोकळा प्राचल म्हणून मॉडेलमध्ये घाला. घातलं नाही, तर त्याचा भार शीतलन वारंवारता उचलते आणि मग अगस्तींचं सगळं गणित सरकतं.

दुसरं असं की एक्स-रे कितव्या सेकंदापासून घेतला आहे? पहिल्या काही मिनिटांतली उभी घसरण आघात तरंगाची नसते. मूळ लखलखाट थांबल्यावर झोताच्या कडांवरून उशिरा पोचणारं ते प्रारण असतं. त्यानंतर बऱ्याच स्फोटांत पठार येतं (तेज काही काळ जवळपास स्थिर राहतं), मधूनच ज्वालाही दिसतात. हे सगळं एकाच घातनियमाच्या फिटमध्ये टाकलं तर पी चुकणारच.

---

लंबक

पठारामागे मॅग्नेटार आहे असंच मला वाटतं. नवजात, जोरकस चुंबकत्वाचा न्यूट्रॉन तारा फिरता फिरता मंदावतो आणि झोताला मागून ऊर्जा पुरवत राहतो.

---

अगस्ती

@लंबक, इथे असहमत. झोताची ऊर्जा मधोमध जास्त आणि कडेला कमी असेल, आणि आपण मध्यापासून थोडं बाजूने पाहत असू, तर मागून कुणी ऊर्जा न पुरवताही पठार दिसतं. काही स्फोटांत पठार अचानक कोसळतं, तिथे तुमचा मॅग्नेटार मला पटतो. सगळीकडे नाही. या धाग्यापुरतं एवढं पुरे: शततारका, पठार संपेपर्यंतचे बिंदू बाजूला ठेवा.

---

रेडिओ_कान

उशिरा आलो, पण माझ्या मते मूळ प्रश्नाचं उत्तर रेडिओत आहे.

तुमची दोन उत्तरं दृश्य आणि एक्स-रेत जुळी असली तरी रेडिओत ती जुळी राहत नाहीत. वर्णपटाच्या शिखराचं तेज घनता आणि एप्सिलॉन-बी यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाने बदलतं, म्हणजे दुसऱ्या उत्तरात ते ३ पटीहून थोडं जास्त. शिखराची वारंवारता एप्सिलॉन-बीच्या वर्गमुळाने बदलते, म्हणजे ती दुसऱ्या उत्तरात खाली सरकते. तुमचं १.३ पट एप्सिलॉन-ई धरून हिशेब केला, तर शिखर यायच्या आधीच्या काळात दुसरं उत्तर रेडिओत सुमारे ६ पट तेजस्वी निघतं, आणि त्याचं शिखरही तीनेक पट लवकर येतं. चौथ्या-पाचव्या दिवशीचा १० ते १५ गिगाहर्ट्झचा एक बिंदू हा निवाडा करू शकतो. त्याहून खालच्या वारंवारतेला स्वशोषण आडवं येतं: घनता जास्त असेल तर वायू स्वतःचाच रेडिओ प्रकाश गिळतो. अर्थात अनेक वारंवारतांवर मोजता आलं तर तेही घनतेचंच माप होतं.

रेडिओबद्दल आणखी एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. ८ मे १९९७ च्या स्फोटाचा रेडिओ स्रोत पहिला सुमारे महिनाभर लुकलुकत होता, नंतर लुकलुक शमली. तारे लुकलुकतात आणि ग्रह स्थिर दिसतात, तेच कारण. स्रोत मोठा झाला की आकाशगंगेतल्या वायूमुळे होणारी लुकलुक पुसली जाते. त्यावरून त्याचा आकार निघाला, सुमारे १० चा १७ वा घात सेंटिमीटर. एखादी वस्तू प्रकाशवेगाच्या लगत पसरते आहे, हे मॉडेल न लावता, केवळ लुकलुक थांबण्यावरून कळलं. मला तरी या विषयातलं हे सर्वात सुंदर मोजमाप वाटतं.

१७ ऑगस्ट २०१७ चं उदाहरणही तुमच्या प्रश्नाला लागू पडतं. दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर, गुरुत्वीय लहरी आल्या आणि १.७ सेकंदांनी गॅमा किरण. आफ्टरग्लो मात्र लगेच दिसला नाही. ‘चंद्रा’ या अवकाश दुर्बिणीला एक्स-रे ९ व्या दिवशी सापडले, रेडिओ १६ व्या दिवशी, आणि मग मावळण्याऐवजी तो सुमारे पाच महिने चढतच गेला. रेडिओपासून एक्स-रेपर्यंत सगळे बिंदू एकाच सरळ रेषेवर, पी सुमारे २.१७, इतकी स्वच्छ विदा क्वचितच मिळते. तरीही नुसत्या चढत्या आलेखावरून ठरत नव्हतं की हा बाजूने पाहिलेला अरुंद झोत आहे की चहूकडे पसरणारा कोश. दोन्ही मॉडेलं बसत होती! निकाल दिला तो दूरवरच्या रेडिओ दुर्बिणी जोडून घेतलेल्या मोजमापाने. ७५ व्या आणि २३० व्या दिवसाच्या दरम्यान तो बिंदू आकाशात सरकला होता, प्रकाशाच्या चौपट भासमान वेगाने. म्हणजे अरुंद झोतच, आणि आपण त्याच्याकडे सुमारे २० अंश बाजूने पाहत होतो.

तिथेही आलेखावर आणखी बिंदू घेऊन भागलं नसतं. वेगळ्या जातीचं मोजमाप लागलं.

---

कृत्तिका

सहमत. त्यात एक भर घालते. @शततारका, तुमच्या कोडमध्ये इन्व्हर्स कॉम्प्टन शीतलन धरलं आहे का? इलेक्ट्रॉन आपल्याच सिंक्रोट्रॉन प्रकाशावर आदळूनही ऊर्जा गमावतात. एप्सिलॉन-ई ०.१ च्या आसपास आणि एप्सिलॉन-बी ०.०००१ असेल, तर हा मार्ग सिंक्रोट्रॉनच्या कितीतरी पट जोरात चालतो. मग शीतलन वारंवारता खूप खाली घसरते आणि तुमचं दुसरं उत्तर तुमच्या विदेशी जुळेनासं होतं. क्लाइन-निशिना परिणामामुळे (फार जास्त ऊर्जेला अशा टकरी कमी होतात) ही घसरण काहीशी आवरते, पण ती शून्य होत नाही.

ही प्रक्रिया कागदावरची नाही. १४ जानेवारी २०१९ च्या स्फोटात मॅजिक या जमिनीवरच्या गॅमा किरण दुर्बिणींनी प्रचंड ऊर्जेचे, टेरा इलेक्ट्रॉनव्होल्टच्या टप्प्यातले फोटॉन (प्रकाशकण) टिपले, आणि ते याच यंत्रणेने नीट समजावता येतात. अशी विदा मिळाली की एप्सिलॉन-ई आणि एप्सिलॉन-बी यांच्या गुणोत्तरालाच हात घालता येतो.

---

वाचनमात्र

धागा मन लावून वाचतो आहे. २०२२ च्या त्या महास्फोटाबद्दल खूप ऐकलं होतं. त्याची विदा इतकी भरपूर असताना तरी सगळं सुटलं असेल ना?

---

अगस्ती

९ ऑक्टोबर २०२२ चा ना? ताम्रसृती ०.१५१, आजवर टिपलेला सर्वात तेजस्वी. लासो वेधशाळेने त्याचे ६०,००० हून जास्त अतिऊर्जेचे फोटॉन मोजले, आणि टेरा पट्ट्यात आफ्टरग्लो चढताना, शिखरावर आणि उतरताना पहिल्यांदाच सलग दिसला. आपल्या आकाशगंगेतल्या धुळीवरून विखुरलेल्या एक्स-रेंची वलयंही त्याच्याभोवती दिसली.

पण नाही, सगळं सुटलं नाही. त्या टेरा आलेखावरून निघालेला झोताचा गाभा एक अंशाहूनही अरुंद आहे. तसा साधा अरुंद झोत धरला तर पुढे एक्स-रे झपाट्याने कोसळायला हवे होते, ते तसे कोसळले नाहीत. म्हणून मध्यभागी तीव्र आणि कडेला हळूहळू मंद होणारा झोत मानावा लागतो. रेडिओचा भाग तर झोतापुढे धावणाऱ्या साध्या आघात तरंगात बसतच नाही. विदा वाढली की जुनं मॉडेल कुठे अपुरं पडतं ते दिसतं, आणि माझ्यासारख्याला त्यातच गोडी वाटते.

---

शततारका (धागाकर्ती)

आठ दिवसांनी लिहिते आहे. सगळ्यांनी सांगितलेलं एकेक करून केलं.

वेळा दुरुस्त केल्या. पहिले दोन बिंदू आधीच्या वेळेकडे सरकले आणि घातनियमावर नीट बसले. पठार संपण्याच्या आधीचे एक्स-रे काढून टाकले. यजमान दीर्घिकेची धूळ मोकळा प्राचल म्हणून घातली, आता दृश्य उतार ०.६५ शी सुसंगत आहे. इन्व्हर्स कॉम्प्टन शीतलन चालू केलं, तेव्हा एप्सिलॉन-बी कमी करून घनता वाढवत मिळणाऱ्या सारख्याच उत्तरांची ती लांबलचक पट्टी वाकली. कृत्तिकांचं म्हणणं खरं निघालं, १० घनतेचं उत्तर आता विदेजवळही येत नाही.

मग त्या स्फोटाची सगळी परिपत्रकं पुन्हा वाचली. चौथ्या दिवशी कुणीतरी १० गिगाहर्ट्झला पाहिलं होतं. काही दिसलं नाही, फक्त वरची मर्यादा दिली आहे. आधी मी ती ओळ वगळली होती, कारण तिच्यात ‘मोजमाप’ नव्हतं! जुन्या दुसऱ्या उत्तराचं भाकीत त्या मर्यादेच्या दुप्पट आहे, पहिल्याचं आरामात खाली.

---

रेडिओ_कान

फार छान काम. दोन गोष्टी सांभाळा. चौथ्या दिवशी स्रोत अजून लहान असतो, लुकलुकीमुळे त्या वेळी तो मंद दिसला असण्याची शक्यता मॉडेलमध्ये धरा. मर्यादा थोडी सैल करून पुन्हा चालवा आणि निष्कर्ष टिकतो का बघा.

दुसरी गोष्ट कुठल्याच फिटने सुटणारी नाही. आघात तरंगातले सगळेच इलेक्ट्रॉन वेगवान होतात असं आपण गृहीत धरतो. समजा त्यांतला दहावा भागच होतो. मग ऊर्जा आणि घनता दहा पट वाढवा, दोन्ही एप्सिलॉन दहा पट कमी करा, वर्णपट जसाच्या तसा राहतो. रेडिओपासून एक्स-रेपर्यंत सगळं मोजलं तरी हा गुणक उघड होत नाही. तेव्हा ऊर्जेचा आकडा लिहाल तिथे हे गृहीतक सोबत लिहा.

---

शततारका (धागाकर्ती)

मर्यादा दुप्पट सैल करून चालवलं. घनतेचा पल्ला थोडा रुंदावला, पण वरचं टोक १ च्या पुढे जात नाही.

गटाच्या टिपणात आता असं लिहिते आहे: पी २.३, त्रुटीसह. ऊर्जा आणि एप्सिलॉन-ई यांचा गुणाकार, त्रुटीसह. घनता आणि एप्सिलॉन-बी यांचा एकेक आकडा देत नाही, दोघांचा संयुक्त आलेख देते, त्यावर रेडिओ मर्यादेची रेषा वेगळ्या रंगात. इलेक्ट्रॉनांच्या अंशाचं गृहीतक पहिल्याच परिच्छेदात.

पुढच्या सूचनेसाठी वेळापत्रक करून भिंतीला लावलं आहे: ३० सेकंदांपासून दुपटीने वाढणाऱ्या प्रतिमा, दोनच फिल्टर, आणि तिसऱ्या रात्री दिसो वा न दिसो, तासभर त्या जागेकडे दुर्बीण. @रेडिओ_कान, सूचना आली की पहिल्या रात्रीच तुम्हाला निरोप पाठवीन. चौथ्या दिवसाच्या रेडिओ वेळेसाठी अर्ज कसा लिहायचा, तेवढं तोवर शिकवाल का?

---

रेडिओ_कान

आनंदाने. मसुदा आधीच तयार ठेवू, फक्त स्फोटाचं नाव आणि जागा भरायची बाकी ठेवून. मिळालेली विदा दोन्ही गटांची.